ठोकेमिस्त्रीची वाजणारी फरशी

ठोकेमिस्त्री हे त्याला लोकांनी दिलेलं नाव. फरशी बसवणं हा त्याचा धंदा आणि ठोकून बघणं हा त्याचा रोग. धंदा माणूस संध्याकाळी हातपाय धुऊन बाजूला ठेवू शकतो, रोग ठेवता येत नाही. कुणाच्याही घरी गेला की चपला काढता काढता याची नजर खाली, आणि बूड टेकायच्या आधी मधल्या बोटाचं पेर फरशीवर. टक टक. मग मान हलायची, आणि त्या मानेवरून यजमानाने ओळखायचं की आपलं घर पास की नापास. एकदा शेजारच्या बिल्डिंगमध्ये कुणाचे वडील गेले म्हणून हा भेटायला गेला. सगळे मान खाली घालून बसलेले. हाही बसला, घटकाभर गप्प राहिला. मग हात हळूच मागे भिंतीकडे गेला आणि त्या शांत खोलीत आवाज आला, टक टक, बद्द. "इथे पोकळ आहे," हा बाजूच्या माणसाच्या कानात म्हणाला. बायकोने असा चिमटा काढला की दंडावर वळ उठला. बाहेर पडल्यावर हा म्हणतो काय, "अगं, पण होतंच पोकळ!"

कान मात्र पक्का होता, ते नाकारून चालणार नाही. फरशीखाली सिमेंट-वाळूचा माल नीट भरला असेल तर ती टणक वाजते, पोकळी राहिली असेल तर बद्द वाजते, आणि सुटली असेल तर पाय पडताच टक करून हलते. हे कुठल्याही फरशीवाल्याला कळतं. पण बाकीचे मिस्त्री पोटासाठी काम करतात, आणि हा न्यायनिवाडा करायला जायचा. एखादी फरशी वाजली तर बाकीचे सांध्यातून थोडं पातळ सिमेंट सोडतात, वर सोफा सरकवतात आणि घरी जाऊन झोपतात. याला ते खपायचं नाही. 'डागडुजी' हा शब्द तो शिवीसारखा वापरायचा. "डागडुजी करायची असेल तर दुसरा माणूस बघा. मी काढतो. मुळापासून काढतो!" एका घरी मालक नको नको म्हणत असताना त्याने अख्खं न्हाणीघर उखडून पुन्हा बसवलं. तोवर ते बिचारं कुटुंब टॉवेल खांद्यावर टाकून शेजाऱ्यांकडे आंघोळीला जात होतं. मालकीण रडकुंडीला आली होती आणि मिस्त्री खुशीत शीळ घालत होता.

अशा माणसाने स्वतःचं घर घेतल्यावर काय होणार, ते तुमच्या लक्षात आलंच असेल. घर म्हणजे चौथ्या मजल्यावरच्या दोन खोल्या आणि एक स्वयंपाकघर. तिथली फरशी त्याने एकट्याने बसवली, हाताखालच्या माणसांना मालसुद्धा कालवू दिला नाही. राहायला गेल्यावर पाहुण्यांना आधी पाणी नाही, आधी फरशी. "गोटी सोडून बघा. आहे तिथे राहील." लोक गोटी सोडायचे, गोटी आहे तिथे राहायची, आणि मग कुठे चहाचं आधण चढायचं. कपाट सरकवायचं झालं तरी बायकोला परवानगी काढावी लागे. ती एका चष्म्याच्या दुकानात काउंटरवर होती. दिवसभर लोकांना "आता स्पष्ट दिसतंय का?" असं विचारायचं आणि घरी येऊन नवऱ्याच्या फरशीवर अलगद पाऊल टाकायचं, असा तिचा संसार चालला होता.

त्यांना एकच लेक. अकरा वर्षांची, काटकुळी, शाळेत बडबडी आणि घरात गप्प. घरात बोलायचं काम बाबा करतात, अशी तिची समजूत होती आणि ती बरोबरच होती. तिचा एकच नाद म्हणजे लिफ्टशी शर्यत. आई लिफ्टमध्ये शिरली की ही जिन्याने सुटायची, आणि चौथ्या मजल्यावर दार उघडलं की ही समोर उभी, धापा टाकत, दात काढून.

एका संध्याकाळी मिस्त्री आपल्या लाडक्या फरशीवर आडवा पडून पेपर वाचत होता. लेक पाणी प्यायला स्वयंपाकघरात निघाली आणि आवाज आला. टक.

मिस्त्रीने पेपर खाली केला. कान टवकारले. लेक परत आली. टक.

त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. माझी फरशी? माझ्या घरात? तो रांगत रांगत त्या जागी गेला, ठोकून बघितलं. टणक. बाजूची ठोकली, टणक. ओळच्या ओळ ठोकली, सगळी टणक. "पुन्हा चाल," तो लेकीला म्हणाला. ती चालली. टक. पण या खेपेला दोन फरश्या अलीकडे. मिस्त्रीने खडू आणला आणि फुली मारली.

"अहो, पोरीला जेवू द्या," बायको आतून म्हणाली.

"जेवण कुठे पळून जात नाही. तू चाल गं."

त्या दिवसापासून घरात एक नवीनच शाळा भरू लागली. खरी शाळा सुटून पोरगी घरी आली की दप्तर ठेवायचं आणि चालायला लागायचं. दारापासून खिडकीपर्यंत, खिडकीपासून स्वयंपाकघरापर्यंत. हा खाली कान लावून पडलेला. "हळू. आता जोरात. थांब! मागे ये. तिथेच परत पाय दे." टक वाजलं की फुली. थोड्याच दिवसांत दोन्ही खोल्यांत इतक्या फुल्या झाल्या की घर म्हणजे नापास पोरांच्या पेपरांचा गठ्ठा वाटू लागलं. आवाज कुठेही एका जागी सापडेना. शहाण्या माणसाने इथे थांबून विचार केला असता. पण ज्याला स्वतःच्या कानाचा एवढा गर्व, तो डोळे कशाला वापरतो? त्याने छन्नी काढली.

पहिली फरशी उखडली, तर खाली माल काठोकाठ भरलेला. दुसरी उखडली, तीच गत. आपलंच काम आपल्याच छन्नीला दाद देत नाही, याचा त्याला अभिमानही वाटत होता आणि रागही येत होता. "खोट असणारच," तो छन्नी आपटत म्हणायचा, "आणि सापडली की बघा. खोट असलेली एक वस्तू या घरात राहणार नाही. उपटून जिन्यावरून खाली फेकीन!" लेक दाराच्या चौकटीला टेकून हे ऐकत उभी असायची.

मग एक दिवस चमत्कार झाला. ती चालली आणि आवाज आला नाही. पुन्हा चालवली, तरी नाही. मिस्त्रीने छन्नी ठेवली, कपाळावरचा घाम पुसला आणि बायकोला हाक मारली. "ऐक! ऐक काय शांतता आहे! शेवटी खिडकीखालचीच होती लबाड!" त्या दिवशी तो इतका खुशीत होता की खाली जाऊन सगळ्यांसाठी आइस्क्रीम घेऊन आला. लेकीनेही खाल्लं. तिने एवढंच शोधून काढलं होतं की उजवा गुडघा पूर्ण सरळ केला नाही, जरा वाकडाच ठेवून पाऊल टाकलं, तर आवाज होत नाही. दुखतंही कमी. मग ती तशीच चालू लागली, आणि बापाला वाटलं आपण फरशी दुरुस्त केली.

आणि हा एवढ्यावर थांबेल तर शप्पथ! दुसऱ्या दिवशी तिच्या चालीवर त्याची नजर गेली. "हे काय म्हातारीसारखं चालतेस? चांगली सरळ फरशी दिलीय बापाने, पाय सरळ टाकायला काय होतं?" पोरीने पाय सरळ टाकला. टक. मिस्त्रीने डोकं धरलं आणि पुन्हा छन्नी उचलली.

चष्म्याच्या दुकानातल्या बाईलाही हे दिसू नये, याला काय म्हणावं! तिला पोरीचं चालणं जरा वेगळं वाटलं होतं, नाही असं नाही. पण घरात निम्मी फरशी उखडलेली, खड्डे, ढिगारे, गोणपाटं. त्यातून कोण सरळ चालणार? ती स्वतःच साडीचा घोळ उचलून उड्या मारत स्वयंपाकघर गाठत होती.

अखेर रविवारी तिचा धाकटा भाऊ आला. पोरीचा मामा. हा लिफ्ट दुरुस्त करणारा, चेष्टेखोर, आणि दाजींना टोचून बोलायची एकही संधी न सोडणारा. दारातच उभा राहून त्याने घराकडे बघितलं.

"दाजी, बॉम्ब कधी पडला?"

"हसू नकोस. फरशी वाजतेय."

"तुमची? तुमची फरशी वाजतेय? थांबा, मी खाली बसूनच हसतो."

मिस्त्रीच्या नाकाला मिरची झोंबली, पण गरज त्याची होती. त्याने सगळी हकीकत सांगितली. आवाज कसा जागा बदलतो, कसा दडून बसतो, कसा फसवतो. मामाने ऐकता ऐकता चपला काढल्या आणि उरलेल्या फरशीवरून एक चक्कर मारली. काही नाही. मग म्हणाला, "दाजी, तुम्ही चाला." मिस्त्री चालला. काही नाही. "ताई, तू." ताई चालली, तरी काही नाही. मामाचं हसू जरा कमी झालं.

"लिफ्ट वाजते म्हणून तक्रार आली ना, की मी आधी आतली माणसं बाहेर काढतो," तो म्हणाला. "पुष्कळदा कुणाच्या तरी पिशवीतला डबाच वाजत असतो." मग भाचीकडे वळला. "काय गं, आज मी आलो तेव्हा तू लिफ्टमधून उतरलीस. शर्यत बंद?"

"दप्तर जड असतं," ती म्हणाली.

"आज रविवार आहे."

मामाने तिला पलंगाच्या कडेवर बसवलं, पाय खाली लोंबते. "आता उजवा पाय समोर सरळ कर बघू. हळूच." तिने आईकडे बघितलं, बापाकडे बघितलं आणि पाय उचलला. पाऊल जमिनीपासून चांगलं हातभर वर होतं, आणि खोलीत सगळ्यांना ऐकू जाईल असा आवाज आला. टक. पाय अर्ध्यावरच अडला, पुढे सरळ होईना. पोरीचे ओठ पांढरे पडले.

मिस्त्रीने त्या पायाकडे बघितलं, मग खाली खड्ड्यांकडे बघितलं, आणि त्याच्या तोंडून पहिला शब्द निघाला तो हा: "म्हणजे फरशी चांगली होती?"

बायकोने त्याच्याकडे जे बघितलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. मेहुणासुद्धा हसला नाही. आई खाली बसली, लेकीचा गुडघा हातात घेतला. तो सुजलेला होता. "अगं, इतके दिवस दुखतंय आणि बोलली का नाहीस?"

"आवाज माझ्या पायातून येतोय हे मला माहीत होतं," ती म्हणाली. "पण बाबा म्हणाले होते, खोट असलेली वस्तू या घरात ठेवणार नाही. उपटून फेकीन."

मिस्त्रीच्या हातात अजून खडू होता. तो कुठे ठेवावा हे त्याला सुचेना.

हाडांच्या डॉक्टरीणबाई बारीक अंगाच्या आणि कमी शब्दांच्या होत्या. त्यांनी पोरीला विचारलं, "कधीपासून दुखतं?" मिस्त्री म्हणाला, "फरशी बसवली त्यानंतर साधारण..." बाई म्हणाल्या, "तुम्हाला विचारलं नाही." मग त्यांनी गुडघा वाकवला, सरळ केला, बाहेरच्या बाजूला बोट ठेवून तो आवाज बोटाने चाचपला. एक्स-रेत हाडं धड दिसत होती. "हाडाचं काम नाही हे, मधल्या गादीचं आहे. एमआरआय काढू."

एमआरआयच्या खोलीबाहेर मिस्त्री बाकावर बसला होता. आतून यंत्राचा ठकठक, धडधड असा आवाज येऊ लागला आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्याचा चेहरा उजळला. "बघितलंस?" तो बायकोला म्हणाला. "एवढं मोठं मशीन, पण तेसुद्धा ठोकूनच बघतं." बायको उठून दुसऱ्या बाकावर जाऊन बसली.

रिपोर्ट आल्यावर बाईंनी दोघांना समोर बसवलं. "मांडीचं हाड वर, नडगीचं खाली. दोन्ही एकमेकांवर घासू नयेत म्हणून मध्ये कूर्चेच्या दोन गाद्या असतात. स्वतःच्या कानाचा वरचा भाग दाबून बघा, तसल्याच चिवट. एक आतल्या बाजूला, एक बाहेरच्या. गादीचा आकार चंद्रकोरीसारखा असतो, मध्ये मोकळा. तुमच्या मुलीची बाहेरची गादी कोर झालीच नाही. अख्खी गोल चकती आहे, आणि चांगली जाड."

मिस्त्री कान दाबून बघत होता. बायकोने विचारलं, "कशामुळे झालं हो? मी काही खायला-प्यायला..."

"कशामुळेही नाही. जन्मापासूनच घडण तशी. तुमचं काही चुकलं नाही, तिचंही नाही. पुष्कळ लोकांची अशी असते आणि म्हातारे झाले तरी त्यांना पत्ता नसतो. गुडघा हलला की ती जाड चकती जागेवरून सरकते आणि परत बसते, तोच आवाज. नुसता आवाज असता तर मी हातसुद्धा लावला नसता. पण अशी गादी साध्या गादीपेक्षा लवकर फाटते, आणि हिची कडेला फाटलीये. फाटलेला भाग मध्ये अडकतो, म्हणून पाय सरळ होत नाही." त्यांनी रिपोर्ट खाली ठेवला. "फाटल्यावर खरं तर विश्रांती हवी होती. मध्यंतरी खूप चालणं झालं का?"

मिस्त्रीने आपल्या बुटांकडे बघितलं. बायको म्हणाली, "झालं."

उपाय बाईंनी सांगितला. दोन-तीन बारीक छिद्रं पाडून आत दुर्बीण घालायची, चकतीचा मधला भाग कातरून तिला कोरीचा आकार द्यायचा, फाटलेली कड शिवायची. हे ऐकताच मिस्त्रीतला मिस्त्री जागा झाला. तो खुर्चीत पुढे सरकला.

"बाई, कातरायचं-शिवायचं कशाला? अख्खीच काढा. मुळापासून. आणि नवीन बसवा चांगली."

"नवीन बसवायला ती दुकानात मिळत नाही. आणि अख्खी काढून टाकली तर हाडावर हाड घासतं, ऐन तरुणपणी गुडघा झिजतो. पूर्वी काढायचे. आता जेवढी वाचवता येईल तेवढी वाचवतात."

"म्हणजे डागडुजी?"

"हो. डागडुजी."

"गॅरंटी?"

"गॅरंटी नाही. बहुतेक मुलं छान बरी होतात. काहींची पुन्हा फाटते."

"आणि दुसरा गुडघा? तोही वाजायला लागला तर? आत्ताच एका खेपेत..."

"तिकडची गादीही कदाचित अशीच असेल. दुखत नाही तोवर तिला हात लावायचा नाही," असं म्हणून बाईंनी पुढच्या पेशंटला हाक मारायला सांगितलं.

बाहेर कॉरिडॉरमध्ये मिस्त्री फुरफुरत होता. "हिला काम येत नाही. काढायची हिंमत नाही म्हणून शिवते म्हणे. आपण दुसरा डॉक्टर बघू. मुळापासून काढणारा." व्हीलचेअर ढकलणारा माणूस थांबून ऐकू लागला. आणि इतकी वर्षं चिमट्यांवर भागवणारी ती बाई भर कॉरिडॉरमध्ये फुटली.

"मुळापासून काढणारा? अहो, ती पोरगी आहे, न्हाणीघर नाही! डागडुजी नको यांना! या घरात सगळं डागडुजीवरच चाललंय, कळतंय का तुम्हाला? तुमच्या तोंडाने जिथे जिथे खड्डे पाडलेत ना, गिऱ्हाइकांकडे, शेजारीपाजारी, माझ्या माहेरी, तिथे तिथे मी बुजवत फिरते. मी ही डागडुजी केली नसती ना, तर दारात उभं करणारा एक माणूस उरला नसता तुम्हाला. पोरगी पाय ओढत चालत होती आणि तुम्ही आइस्क्रीम वाटत होतात. आणि मीही खाल्लं, माझ्याही तोंडात शेण गेलं त्या दिवशी. आता गपचूप आत चला आणि ऑपरेशनच्या कागदावर सही करा."

मिस्त्रीने आजवर कुणाचं ऐकलं नव्हतं. व्हीलचेअरवाल्याने त्याच्याकडे बघून नुसतं दाराकडे बोट केलं. तो आत गेला आणि सही केली.

ऑपरेशन नीट झालं. पण पोरगी घरी यायच्या आदल्या दिवशी एक गोष्ट सगळ्यांच्या लक्षात आली, आणि ती कुणाही शेंबड्या पोराला आधी सुचली असती. कुबड्या घेऊन ती चालणार कशावर? घरात निम्मे खड्डे. मिस्त्री दुकानात धावला, तर ती फरशी बनायची बंद झालेली. तसला रंग नाही, तसली नक्षी नाही, जाडीसुद्धा वेगळी. मग कुणाच्या कामावरची उरलेली हिरवी, कुणाची तपकिरी, कुणाच्या जिन्याची करडी, असं मिळेल ते गोळा करून त्याने एका दिवसात खड्डे बुजवले. हाताखालच्या माणसांना बोलावलं, मालही कालवू दिला. ठोकून बघायला वेळच नव्हता. बातमी धंद्यात पसरायला वेळ लागत नाही. कुठकुठले मिस्त्री पोरीला बघायच्या निमित्ताने यायचे, पोरीला पेरू द्यायचे आणि फरशी बघून घ्यायचे. "छान रंगीबेरंगी झालीये," असं गंभीर तोंडाने म्हणायचे आणि जिन्यात पोट धरून हसायचे. मिस्त्री दात-ओठ खायचा, पण करतो काय?

खरी परीक्षा पुढेच होती. व्यायाम शिकवायला एक तरुण फिजिओथेरपिस्ट यायचा. गुडघा रोज थोडा थोडा सरळ करायचा, पण दुखलं की तिथेच थांबायचं, असा नियम. तिसऱ्या-चौथ्या खेपेला त्याने मिस्त्रीला बाहेर बोलावलं. "ही मला दर वेळी 'नाही दुखत' म्हणते आणि चादर मुठीत आवळते. मी किती जोर लावायचा ते तिच्या सांगण्यावर आहे. ती अशीच गप्प राहिली तर शिवलेलं उसवेल, आणि मग पहिल्यापेक्षा वाईट होईल. तुम्ही वडील आहात, तुम्ही बोला तिच्याशी."

बोलणं म्हणजे मिस्त्रीला एकच माहीत होतं. तो आत गेला आणि म्हणाला, "दुखत असेल तर खरं सांगायचं. नाहीतर बघ मी काय करतो!" पोरीने मान हलवली आणि दुसऱ्या दिवशीही 'नाही' म्हणाली. मग त्याने लाडीगोडी लावून बघितली. सायकलचं आमिष दाखवलं. मामाला मध्ये घातलं. मामाने माकडचाळे करून तिला हसवलं, पण हसता हसताही तिचं 'नाही' ते 'नाही'च. गुडघा जरा कोमट लागू लागला होता. बायको दुकानातून आली की आधी त्यावर हात ठेवायची आणि मग नवऱ्याकडे बघायची. ठणठणीत काय आणि पोकळ काय, हे ज्याला एका ठोक्यात कळतं अशी ज्याची ख्याती, त्याला आपल्या पोरीचं 'नाही' खरं की खोटं हे कळायला काही साधन नव्हतं. तो भयंकर घाबरला होता. कामावर त्याचं लक्ष लागेना, एका स्वयंपाकघरात तर उतारच उलटा धरला आणि गिऱ्हाइकाच्या शिव्या मुकाट्याने खाल्ल्या.

एका दुपारी बायको दुकानात होती आणि हा घरी. व्यायामाची वेळ झाली. पोरगी पलंगावर पाय लांब करून बसली, हा खाली जमिनीवर गुडघे टेकून. एका हातात तिची टाच, दुसरा हात गुडघ्याखाली.

"दुखतंय?"

"नाही."

चादर तिच्या मुठीत होती. त्याने टाच हळूच खाली ठेवली. आता ओरडावं की हात जोडावेत, त्याला कळेना. जरा पाणी तरी प्यावं म्हणून तो पलंगाची कड धरून उठायला लागला. उठता उठता तोंडातून "आई गं" निघालं, ते त्याने घाईघाईने खोकल्यात घातलं.

"तुमचे दुखतात?" पोरीने विचारलं.

"काय?"

"गुडघे. रोज उठताना असंच करता."

"छे! मला काय धाड भरलीये!"

"मग माझाही नाही दुखत," ती म्हणाली. ती उलटून बोलत नव्हती. घरात जसं चालतं तसं ती सांगत होती, इतकंच.

मिस्त्री तसाच अर्धवट वाकलेला राहिला. उठायचं की बसायचं हे त्याचं ठरेना, आणि त्या अवस्थेत ते दोन्ही गुडघे असे काही ठणकत होते की डोळ्यांत पाणी आलं. तो पुन्हा खाली बसला.

"दुखतात," तो म्हणाला.

ती बघत राहिली.

"दोन्ही. जन्म गेला गुडघ्यांवर बसून. सकाळी उठताना तर डोळ्यांपुढे अंधारी येते. संडासात नळ धरून उठतो मी. तुझ्या आईलाही माहीत नाही."

"खूप दुखतात?"

"खूप."

मग त्याने पुन्हा तिची टाच हातात घेतली. या वेळी काही विचारलं नाही. जरा उचलली, जरा पुढे ओढली.

"बाबा."

"हं."

"दुखतंय." तिने चादर सोडली आणि गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला बोट ठेवलं. "इथे. परवापासून जास्त."

मिस्त्रीचा हात होता तिथेच थांबला.

"बरं," तो म्हणाला, "मग आज इथवरच."